धाकट्या पातीचे सर

सरांबद्दल लिहायचं तर सुरुवात कुठून करावी, हे मला नीट कळत नाही. त्यांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, "मूळपुरुषापासून." ते प्रत्येक गोष्ट मूळपुरुषापासूनच सुरू करायचे. शाळेत नवीन मूल आलं की बाकीचे शिक्षक त्याचं नाव विचारत. आमचे पीटीचे सर त्याला मैदानाच्या कडेला उभं करून म्हणत, "नाव राहू दे. आजोबांचं नाव सांग. पणजोबांचं?"

अबुधाबीत जन्मलेली मुलं. ती म्हणायची, "आय डोन्ट नो, सर."

पायावर लोखंडी गोळा पडावा तसे सर डोळे मिटून घ्यायचे. "मैदानाला एक चक्कर मार. आणि उद्या घरून विचारून ये."

मीही ती चक्कर मारली आहे. संध्याकाळी पप्पांना विचारलं. पप्पा एका तेल कंपनीत एसी मेकॅनिक होते. आजोबांचं नाव त्यांनी पटकन सांगितलं, पणजोबांचं जरा आठवून सांगितलं, आणि त्याच्या मागचं विचारल्यावर स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून म्हणाले, "अगं, रानात राबणारी माणसं. त्यांची नावं कोण लक्षात ठेवणार?" दुसऱ्या दिवशी मी सरांना भीत भीत हेच सांगितलं. मला वाटलं, आता दोन चकरा. पण सर माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तुमच्यात कॉलेजात कोणी गेलंय?"

"नाही सर."

"तू जा. मग तुमची वंशावळ तुझ्यापासून सुरू करता येईल. कुठून तरी सुरू व्हावीच लागते."

मी तेव्हा सहावीत होते. त्या वाक्याचा अर्थ मला फारसा कळला नाही. चक्कर वाचली, याचाच आनंद जास्त झाला.

सर आमचे शेजारीही होते. एका जुन्या व्हिलाला मधे भिंती घालून घरमालकाने त्याची छोटी छोटी घरं केली होती, त्यातल्या एका भागात आम्ही आणि पलीकडे सर व काकू. भिंत इतकी पातळ होती की सरांची सकाळची शिट्टी आम्हाला गजरासारखी ऐकू यायची. शिट्टी ते घरीसुद्धा गळ्यात घालत. मिशीला तेल, कॅनव्हासच्या बुटांना रोज पांढरा खडू. चहा पितानाही पाठ ताठ. काकू सरकारी हॉस्पिटलमध्ये नर्स होत्या. त्या आईला म्हणायच्या, "आमच्या घरात तीन माणसं राहतात. मी, हे आणि ह्यांचे मूळपुरुष. भाडं मात्र आम्ही दोघंच भरतो."

हा मूळपुरुष म्हणजे बहामनी सुलतानांच्या काळातला एक सरदार. नदीकाठच्या काही गावांची देशमुखी त्याच्याकडे होती. त्याला दोन बायका. थोरलीच्या मुलाची ती थोरली पाती, धाकटीच्या मुलाची धाकटी पाती. सर धाकट्या पातीचे. इथवर कोणाचंच भांडण नव्हतं. भांडण होतं ते धाकटीच्या लग्नाचं. त्या लग्नाला नवरदेव स्वतः हजर नव्हता. त्याने आपली तलवार पाठवली, म्हणजे खांडा, आणि मुलीचं लग्न त्या खांड्याशी लागलं. सरदार घराण्यांत तशी रीत होती. सर म्हणत, मूळपुरुष मोहिमेवर अडकले होते, मुहूर्त टळू नये म्हणून खांडा पाठवला. थोरल्या पातीचे लोक म्हणत, मोहीम कसली, तो घरीच होता. मुलगी बरोबरीच्या घरातली नव्हती म्हणून स्वतः गेला नाही. म्हणजे ती बायको नव्हे, ठेवलेली. म्हणजे तिचा मुलगा औरस नव्हे. म्हणजे सर आणि सरांचे सगळे वाडवडील लेकावळे.

हा शब्द सरांनी मला एकदाच सांगितला. सांगताना ते बुटाची नाडी बांधत होते आणि बराच वेळ बांधत राहिले.

हे सगळं गावाकडे राहिलं असतं तर गोष्ट वेगळी. पण थोरल्या पातीचा वडील वारस अबुधाबीतच होता, पप्पांच्याच कंपनीत, फार वरच्या हुद्द्यावर. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. मोठा व्हिला, बागेत खजुराची झाडं. आमच्या लोकांचा दीड दिवसाचा गणपती त्यांच्याच हॉलमध्ये बसायचा. मान त्यांचा, जेवणावळ सगळ्यांची. सर त्यांना भेटले की वाकून म्हणत, "नमस्कार, दादा." साहेब म्हणत, "काय मास्तर, बरं आहे ना?" सरांच्या "दादा"ला त्यांनी कधी "दादा"सारखं उत्तर दिलं नाही.

एकदा त्यांच्याकडच्या जेवणात कोणीतरी मुद्दाम विषय काढला, तेव्हा साहेब हसत म्हणाले, "तलवारीशी लग्न लागत असेल तर म्यानालाही हळद लावायला हवी." सगळे हसले. काकूंनी पदर खोचला आणि वाढायला घेतलं. सर ताटावरून उठले नाहीत. "अन्नाचा अपमान नको," एवढंच पुटपुटले.

सर सोयर-सुतक पाळायचे. भावकीत कोणी वारलं तर सुतक, कोणाला मूल झालं तर सोयर. तेवढे दिवस देवाला हात लावायचा नाही, सणावारात पुढे व्हायचं नाही. जवळच्यांना दहा दिवस, लांबच्यांना तीन. हे तसं सगळेच पाळतात. पण सर थोरल्या पातीचं पाळायचे. साहेबांची कोणी चुलत आजी गावी वारली की गावाहून सरांना फोन यायचा आणि सर ठामपणे बाजूला व्हायचे. एका वार्षिक स्पर्धेला प्रिन्सिपल मॅडम नारळ घेऊन उभ्या, पाहुणे खुर्च्यांवर, आणि सर हात मागे बांधून म्हणतात, "मॅडम, मला चालणार नाही. मला सुतक आहे."

"सर, हू डाइड?"

"आमच्या थोरल्या पातीत. लांबची चुलत आजी."

शेवटी नारळ शाळेच्या बसड्रायव्हरने फोडला, "यल्ला, चलो मास्टरजी!" म्हणत. त्याच संध्याकाळी साहेबांच्या व्हिलात वाढदिवसाची पार्टी झाली. त्यांनी स्वतःच्या चुलत आजीचं सुतक धरलं नव्हतं. "परदेशात कुठे एवढं," ते म्हणाले होते.

मी सरांना विचारलं होतं, तुम्ही का धरता मग? त्यांनी थोडा विचार केला. "सोयर-सुतक भावकीचंच धरतात. परक्याचं कोणी धरत नाही. मी धरतो म्हणजे मी भावकी आहे. माझं काम मी करतो. त्यांनी एकदा धरलं की दोन्ही बाजू पूर्ण होतील."

"आणि नाही धरलं तर?"

"इन्शाल्ला, धरतील," सर म्हणाले, अगदी घरमालकासारखे.

घरमालकाबद्दल सांगायला हवं. म्हातारा अमिराती होता, जुन्या काळी मुंबईला खजूर आणि मोती घेऊन गेलेला, त्यामुळे हिंदी बोलायचा. महिन्याच्या सुरुवातीला भाड्यासाठी आला की सरांच्या पायरीवर बसायचा. काकू काहवा, म्हणजे अरबी कॉफी, करायच्या. मग तो स्वतःची नावं सांगायचा, अमका बिन तमका बिन अमका, पार वाळवंटातल्या कुठल्या विहिरीपर्यंत. त्याचं संपलं की तो सरांकडे बोट करायचा. सर ताठ बसून सुरू करायचे. अंगणातली आम्ही मुलं खेळ थांबवून ऐकायचो. तो मधेच हात वर करून विचारायचा, "और उसका बाप?" सर सांगायचे. कोणी इतक्या आस्थेने "और उसका बाप?" विचारलेलं मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

एके दिवशी सरांनी त्याला खांड्याची गोष्ट सांगितली. थोरल्यांचं म्हणणंही लपवलं नाही. म्हातारा पेला हातात घेऊन ऐकत होता. मग त्याने एकच प्रश्न विचारला. "बाप ने उस बेटे को बेटा बोला?"

"बोला. गाव दिया. घोडा दिया."

"बाप ने बोला ना बेटा?" म्हाताऱ्याने पेला खाली ठेवला. "खलास! अब कौन बोलेगा नहीं?"

सर त्या दिवशी इतके खूश होते की त्यांनी आम्हा सगळ्या मुलांना लेझीम खेळायला लावलं, वाळूत, जेवणाच्या वेळेपर्यंत.

पण म्हाताऱ्याचं म्हणणं साहेबांच्या व्हिलात पोचणार नव्हतं. सरांचे वडील गावी वारले तेव्हा सरांना रजा मिळायला उशीर झाला. दुसऱ्याच दिवशी साहेबांनी घरी सत्यनारायण घातला. तो आधीच ठरला होता, हे खरं. पण प्रसाद त्यांनी आठवणीने सरांच्या घरी पाठवला. ज्याला सुतक आहे त्याच्याकडे, आणि ज्यांनी ते धरायला हवं होतं त्यांच्याकडून. काकूंनी तो द्रोण हातात घेतला आणि सरळ आमच्या दारात आल्या. आईला म्हणाल्या, "मुलीला द्या. आम्हाला चालत नाही." भिंतीपलीकडून त्या दिवशी शिट्टी ऐकू आली नाही.

सर आणि काकूंना मूल नव्हतं. तेही साहेब एकदा बोलून गेले होते, "वंशच नाही, तर वंशावळ कशाला उगाळतात?" ते काकूंच्या कानावर आलं होतं. काकू सरांना बोलल्या नाहीत, आईला बोलल्या. मी शेजारी अभ्यास करत होते.

शमालचा, म्हणजे वाळू उडवणाऱ्या वादळी वाऱ्याचा, तो दिवस मात्र मला अजून डोळ्यांपुढे दिसतो. मी तेव्हा दहावीत होते. साहेबांचा मुलगा समुद्रातल्या तेलाच्या बेटावर इंजिनियर होता. त्याचा साखरपुडा साहेबांच्याच व्हिलात. मुलीकडचे दुबईहून आलेले, मुलीची आजी खास भारतातून, आणि तिचा व्हिसा दोन दिवसांत संपत होता. आई पुरणपोळ्यांच्या मदतीला, म्हणून मीही. सकाळपासून वारा सुटला. आकाश पिवळं झालं, खजुराच्या झावळ्या काचांवर आपटायला लागल्या. दुपारी फोन आला, हेलिकॉप्टर उडणार नाही. नवरा मुलगा बेटावर अडकला.

हॉलमध्ये एकदम सगळे बोलायला लागले. कोणी म्हणालं, पुढे ढकला. मुलीचे वडील म्हणाले, "आई पुन्हा येणार नाही हो. तिचं वय बघा." साहेबांचा एक मित्र म्हणाला, "फोनवर करून टाका. आमच्या ऑफिसातल्या हैदराबादी पोराचा निकाह फोनवर झाला, फर्स्ट क्लास."

आजी पाटावर बसली होती. ती म्हणाली, "फोनला कुंकू कुठे लावायचं?"

कोणी हसलं नाही. साहेब फोनजवळ उभे होते. त्यांना असं गोंधळलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात पाहुण्यांत भिंतीजवळ बसलेले सर उभे राहिले. मला वाटलं, आता मूळपुरुष. पण सर हळू आवाजात आजीशी बोलले. "आजी, मुलगा कामावर अडकला तर तुमच्याकडे काय करायचे?"

आजीने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "खांडा पाटावर ठेवायचे. खांडा म्हणजे नवराच की. माझ्या आजेसासूचं लग्न तसंच लागलं."

आता सगळा हॉल साहेबांकडे बघत होता. तिथे कोणाला तो वाद माहीत नव्हता असं नाही. साहेबांच्या सोफ्यामागे काचेच्या चौकटीत एक चांदीचं अरबी खंजर लावलेलं होतं, कंपनीने अनेक वर्षांच्या नोकरीबद्दल दिलेलं. साहेब त्या चौकटीकडे गेले. क्षणभर थांबले. मग त्यांनी ती भिंतीवरून उतरवली, मागचे खिळे सोडवले, खंजर काढलं आणि दोन्ही हातांनी मुलीच्या शेजारच्या पाटावर ठेवलं. आजीने त्याला कुंकू लावलं. साखर वाटली. बाहेर वाळू उडत होती आणि आत साखरपुडा झाला, पूर्ण, सगळ्यांच्या साक्षीने.

सर काही बोलले नाहीत. एक शब्दसुद्धा नाही. मला ते सगळ्यात विचित्र वाटलं. घरी येताना पप्पांच्या पिकअपमध्ये पप्पांनीच न राहवून विचारलं, "मास्तर, आज तर तुम्ही जिंकलात की!"

सर काचेबाहेर बघत म्हणाले, "आजींनी कुंकू बरोबर लावलं. पात्यावर नाही, मुठीवर."

साहेबही पुढे काही बोलले नाहीत. लग्न गावाकडे थाटात झालं. सरांना पत्रिका आली, पण नाव "मास्तर" म्हणूनच. मला वाटलं, झालं, एवढंच. एक दिवस पाटावर खंजर ठेवणं वेगळं आणि माणसाला भाऊ म्हणणं वेगळं.

मग काकूंना दिवस गेले. आमच्या व्हिलात तेव्हा सगळे दबक्या आवाजात बोलायचे, जणू मोठ्याने बोललं तर काही बिघडेल. काकू चाळिशी ओलांडलेल्या. सर रोज सकाळी शिट्टी हातात घ्यायचे आणि न वाजवता परत गळ्यात सोडायचे. घरमालक मधल्या दिवशीही खजूर घेऊन यायचा.

मुलगी झाली गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी. सर हॉस्पिटलमधून आले ते आमच्या दारातच थांबले, आत आले नाहीत, कारण सोयर. दारातूनच म्हणाले, "मुलगी झाली. दोघी ठीक आहेत." मग पप्पांना म्हणाले, "उद्या माझ्या वाटच्या दूर्वा तुम्ही द्या. मी यायचा नाही. दादांना कळवा, येत नाही म्हणून राग नको." पप्पांनी लगेच साहेबांना फोन केला. साहेब फक्त "बरं" म्हणाले, असं पप्पांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा हॉल भरलेला. मूर्ती मखरात, समया लावलेल्या, गुरुजी दुबईहून आलेले. पाट मांडला होता. साहेब जिना उतरून आले, आणि मी पाहिलं की ते सोवळ्यात नव्हते. साध्या शर्ट-पँटमध्ये होते. गुरुजी म्हणाले, "साहेब, मुहूर्त जवळ आलाय. बसा."

साहेब पाटापासून लांबच उभे राहिले. "मला बसता येणार नाही. मला सोयर आहे."

"सोयर?" कोणीतरी म्हणालं. "अहो, घरात तर कोणी बाळंत झालं नाही..."

"घरात नाही. भावकीत." साहेबांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "माझ्या भावाला मुलगी झाली काल. धाकट्या पातीत."

साखरपुडा फोनवर करा म्हणणारा तो मित्र हसत म्हणाला, "काय साहेब, ते तर फार लांबचे!"

"लांबच्यांना तीन दिवस," साहेब म्हणाले. "पण धरतात."

मग गुरुजींनीच विचारलं, पूजेला बसणार कोण? साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि त्यांची नजर पप्पांवर थांबली. पप्पा दाराशी एसीच्या खाली उभे होते, हातात सरांच्या वाटच्या दूर्वा. "तुम्ही बसा," साहेब म्हणाले, "वहिनींना घेऊन." पप्पा दोन वेळा नको म्हणाले. मग आईने त्यांचा शर्ट ओढला. गुरुजींनी गोत्र विचारलं. पप्पांनी आईकडे पाहिलं. गुरुजी म्हणाले, "काश्यप म्हणतो, चालेल?" पप्पांनी मान हलवली, आणि साहेबांच्या पाटावर माझे आईबाप बसले.

मला ते सगळं बघायचं होतं. पण त्याहून जास्त मला दुसरं काहीतरी करायचं होतं. मी साहेबांकडे गेले आणि विचारलं, "अंकल, मी फोन करू?" "कोणाला?" असं त्यांनी विचारलं नाही. फोन उचलून माझ्या हातात दिला.

सरांनी पहिल्याच घंटेला उचलला.

"सर, साहेब पाटावर बसले नाहीत."

"का? बरं नाही त्यांना?"

"त्यांना सोयर आहे, सर. तुमचं. सगळ्यांसमोर म्हणाले. माझ्या भावाला मुलगी झाली, असं म्हणाले."

मी दोनदा "सर?" म्हटलं.

शाळेत आमच्या पळण्याच्या शर्यती व्हायच्या तेव्हा सरांचा एक नियम होता. पहिल्या आलेल्यासाठी ते शिट्टी वाजवत नसत. बाकीचे शिक्षक टाळ्या वाजवून सावलीत जायचे, बक्षिसं मांडायला लागायचे, आणि सर उन्हात रेषेपाशी उभे. सगळ्यात मागे राहिलेलं पोर धापा टाकत, रडत, कधी चालत रेषा ओलांडायचं, तेव्हा कुठे ते शिट्टी ओठाला लावायचे. ती शिट्टी लांब असायची. तिचा अर्थ, शर्यत संपली, सगळे पोचले.

हॉलमध्ये आरती सुरू होत होती. झांजा वाजायला लागल्या. मी रिसीव्हर कानाला दाबून धरला, आणि फोनमधून मला ती शिट्टी ऐकू आली. लांब, आणखी लांब, सरांचा श्वास पुरेल तिथपर्यंत.